तात्पुरतं

शनिवार निवडला, कारण शनिवारी कारखान्यात
कुणाचीच फाइल उघडी नसते.
रिबेइराच्या बंदरावर धुकं, मासळीचा लिलाव उरकलेला,
सर्व्हरचा पंखा तेवढा माझ्याशी बोलतोय.

बाल्बिना म्हणाली होती, "आल्दारा, एवढं आवरून टाक,
घर आवरतात तसं."
घर आवरतात तसं नाही, बाल्बिना.
घरात खुर्ची इकडची तिकडे केली
तर टेबल विचारत नाही, ती गेली कुठे.

इथे विचारतं.
शिंपले धुणाऱ्या यंत्राची फाइल घे:
तिच्या पोटात ना दांडा, ना चाक, ना एकही नट.
नुसते पत्ते.
उघडली की ती त्या त्या पत्त्यावर जाते, कडी वाजवते,
जो जो दार उघडेल त्याला हाताला धरून आणते
आणि यंत्र उभं करते.
दार उघडलं नाही तर तिथे भोक,
यादीत एक पिवळं प्रश्नचिन्ह.

मार्चमध्ये ब्राइसने माउसने धरून ओढलं.
बोल्टांचं फोल्डर, या रकान्यातून त्या रकान्यात,
वीतभर.
सोमवारी विंच उघडली तर ड्रम हवेत तरंगतोय
आणि चोवीस रिकामी भोकं
टक लावून आमच्याकडे बघतायत.
ब्राइस दोन दिवस डबा गाडीत बसून खात होता.

म्हणून मी बाहेरून हात लावत नाही.
आधी सगळ्याची प्रत, वेगळ्या डिस्कवर, खणात, कुलपात.
मग आतून जायचं:
आई जागी असताना पोराचं नाव बदलायचं,
म्हणजे हाक मारताना ती चुकत नाही.
'झाकण' नावाच्या चार फाइली निघाल्या, चारही वेगळ्या.
प्रोग्रॅम भोळा,
पहिलं भेटेल ते झाकण घरात घेतो
आणि भांडं गळतं.
चौघांना आडनावं दिली.

'नवीन'. 'नवीन-खरं'. 'शेवटचं'. 'शेवटचं-ब्राइस'.
'तात्पुरतं'.
त्याच्या आत 'तात्पुरतं-२',
आणि त्याच्या आत, एकटा, पितळेचा एक बुश,
आतून बावीस मिलिमीटर.
काढला ओदिलोने, एकोणीस वर्षांपूर्वी, एका गुरुवारी.
कुठे कुठे वापरलाय, विचारलं.
दोनशे चौदा.
इथून बाहेर पडलेलं जवळजवळ प्रत्येक यंत्र
त्या दाराशी येऊन उभं राहतं.

ओदिलोला फोन लावला. तो निवृत्त होऊन सहा वर्षं झाली.
"तो होय? तो नीट जागी ठेवणार होतो.
तेवढ्यात जेवायला हाक आली."

हलवला. 'मानक', मग 'बुश', मग नाव, मग माप.
दोनशे चौदा ठिकाणी पत्ता बदलू का?
बदल.
कॉफी गार झाली, आकडा सरकत राहिला,
दोनशे तेरावर थांबला.

एक फाइल कुलूपबंद. ओदिलोचंच कुलूप.
नुसती बघायला उघडली:
ना शिंपले, ना दोर, ना कुठल्या बोटीचं नाव.
स्क्रू, टोपली, लाकडी पाय.
द्राक्षं पिळायचं यंत्र.
कंपनीच्या वेळात, कंपनीच्या कॉम्प्युटरवर,
स्वतःच्या परसातल्या वेलींसाठी,
आणि त्याच्यासाठीच तो बुश पहिल्यांदा काढलेला.
बाकी दोनशे तेरा यंत्रं मागाहून आली
आणि ओळख नसताना तोच मागत राहिली.

कुलूप तोडता आलं असतं.
मी बुशाची एक प्रत परत जुन्या जागी ठेवली.
आता झाड कसं देखणं दिसतंय, फांदी फांदी ओळीत,
आणि बुंध्यापाशी एक गाठ: 'तात्पुरतं'.
बाल्बिना विचारेल. विचारू दे.

दिवे मालवताना फोन वाजला.
"आल्दारा, एक राहिलंच.
माझ्या प्रेसचा बुश झिजलाय, या हंगामाला टिकणार नाही.
एखादा करून मिळेल का?
फाइल कुठे आहे, ब्राइसला सांगता येईल?"

मी जुनाच पत्ता सांगितला.